काहीही शोधलं तरी बसलेला बैल

या सदरात लिहायची माझी लायकी नाही, हे आधीच कबूल करतो. मी इथला जुना वाचक आहे खरा... पण कुणी 'पिंपळाखालून जाताना मागे पावलं वाजली' असं लिहिलं, की खाली 'चप्पल सैल असेल' अशी प्रतिक्रिया टाकणारा तो आगाऊ माणूस मीच. एका ताईंना तर मी रात्रीचं जेवण हलकं ठेवायचा सल्ला दिला होता. भूत, भानामती, संकेत, आतला आवाज — यातल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता. आता बसलाय असंही नाही. मला फक्त सॉफ्टवेअरच्या एका बिघाडाबद्दल सांगायचंय, जो मला सापडला नाही. बिघाड न सापडणं माझ्या धंद्यात रोजचंच आहे म्हणा. पण हा जरा वेगळा होता.

तर स्थळ — अमरावती, साईनगर. घरात आम्ही तिघं. मी विनायक, माझी बायको सुनंदा आणि माझे वडील वामनराव, म्हणजे बाबा. मी पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला, घरून काम करणारा सॉफ्टवेअरवाला. 'घरून काम' यावर बाबांचा कधीच विश्वास बसला नाही. माणूस घरी बसलाय म्हणजे त्याला काम नाही, इतका सरळ हिशोब. आमचं मूळ गाव वलगाव. बाबांनी जन्मभर तिथे शेती केली. आई गेल्यावर त्यांना गावात एकटं ठेवायला माझं मन होईना, म्हणून वावर चुलतभावाला मक्त्यानं दिलं आणि बाबांना शहरात आणलं.

राहता राहिली बैलजोडी. चांद्या त्याआधीच म्हातारा होऊन गोठ्यातच मेला होता. उरला भुऱ्या. तोही थकलेला, आणि जोडीदार गेल्यापासून कुणासोबत जुवाखाली मान द्यायला तयार नसलेला. त्याला बाजारात न्यायचा विषय बाबांनी कुणाला काढूच दिला नाही. चांदूर रेल्वेच्या अलीकडे एका खेड्यात त्यांचे जुने दोस्त राहतात, शेख रहीम. आम्ही त्यांना रहीमचाचा म्हणतो. भुऱ्या त्यांच्याकडे दिला. "मरेपर्यंत ठेवजो, काम घेऊ नको," एवढंच बाबा बोलले आणि गाडीत येऊन बसले.

त्यानंतर बाबा तिकडे एकदाही गेले नाहीत. चला, भेटून येऊ, असं मी दोन-तीनदा म्हटलं. तर म्हणाले,

"नाई. मी दिसलो तं तो मांगं येईन. मंग परत कसा पाठवू त्याले?"

रहीमचाचांचा ईदेला, दिवाळीला फोन यायचा. बाबा नातवंडं, विहिरीचं पाणी, कपाशी, सगळ्यांची खुशाली विचारायचे. भुऱ्याचं नाव मात्र काढायचे नाहीत. ते काढत नाहीत म्हणून चाचाही काढायचे नाहीत. पण एकदा स्वयंपाकघरात बाबांना सुनंदाशी बोलताना ऐकलं — "सूनबाई, म्या बराबर केलं ना वो?" कशाबद्दल, ते बोलले नाहीत. तिलाही विचारावं लागलं नाही. "हो मामाजी," म्हणाली. पण तिच्या 'हो'नं त्यांचं समाधान झालं नाही, हे मला बाहेर बसून कळलं.

आता माझ्या कामाचं सांगतो. माझे साडू प्रकाशराव अकोल्याला जठारपेठेत राहतात. गुरांचे डॉक्टर होते, निवृत्त झाले. पण शेतकऱ्यांचे फोन काही निवृत्त झाले नाहीत. गाय पान्हा चोरते, शेळी चारा खात नाही, कोंबड्यांचे पंख गळतात... असा प्रत्येक प्रश्न आणि त्यावरचं आपलं उत्तर प्रकाशराव टाइप करून जपून ठेवायचे. वर्षानुवर्षांचा ढीग जमला. त्यांच्या मनात आलं, शेतकऱ्यानं मोबाईलवर दोन शब्द टाकावेत आणि नेमकं उत्तर पहिल्या नंबरला यावं. "विनायकराव, हे तुमचंच काम," असं म्हणून त्यांनी तो ढीग माझ्या गळ्यात घातला. बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा. नाही म्हणायची सोयच नव्हती.

शोधून देणारा हा सर्च सर्व्हर काय करतो, ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. तो सगळा मजकूर आधीच वाचून कोणता शब्द कुठे कुठे आलाय हे लक्षात ठेवतो. तुम्ही शब्द टाकलेत की ज्या उत्तरांत तो असेल त्यांना गुण देतो, जास्त गुणवाला वर, कमीवाला खाली. शब्द जुळलाच नाही तर गुण शून्य, आणि शून्यवाला निकालात येतच नाही. शाळेसारखंच, फक्त इथे वशिला चालत नाही.

आणि हा सर्व्हर मी कंटेनरमध्ये चालवतो. कंटेनर म्हणजे डबाच समजा. प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामान एकाच डब्यात बंद. डबा अमरावतीत उघडा नाहीतर अकोल्यात, आत भाजी तीच. बिघडला तर फेकून द्या आणि तसाच नवा काढा. नव्या डब्याला जुन्याचं काहीही आठवत नाही. हीच तर त्याची खुबी, आणि याच खुबीवर माझी रोजीरोटी.

आमच्या टीव्हीखालच्या खणात एक जुना, जाडजूड पुस्तकाएवढा कॉम्प्युटर आहे. त्यावर मी दोन कंटेनर उभे केले. एक शोधणारा, दुसरा निकालाचं पान दाखवणारा. कंटेनरला नाव द्यावं लागतं. मी गमतीनं आणि थोडं बाबांना बरं वाटावं म्हणून, शोधायचं जड काम करणाऱ्याचं नाव ठेवलं भुऱ्या, आणि दुसऱ्याचं चांद्या.

बाबा खुर्ची ओढून जवळ आले. बऱ्याच दिवसांनी आले.

"दोघं बी सोबत चालते का?"

"हो, सोबतच."

"भुऱ्या कोन्त्या अंगाले जुपला?"

"बाबा, इथं डावं-उजवं नसतं."

"नसते कसं? भुऱ्या उजव्या अंगाले चालत जाय. डाव्या अंगाले जुपला तं बसते तो."

मी मुकाट्यानं दोघांची नावं असलेल्या फाइलमधल्या दोन ओळींची अदलाबदल केली. चांद्या वर, भुऱ्या खाली. यानं काडीचाही फरक पडत नाही. पण बाबांनी "आता बराबर," म्हणून मान हलवली, आणि मला उगाच एखादी परीक्षा पास झाल्यासारखं वाटलं.

मग पोळा आला. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद-तूप चोळायचं आणि बैलाला दुसऱ्या दिवसाचं जेवणाचं आमंत्रण द्यायचं. त्या संध्याकाळी मी फिरून आलो, तर बाबा टीव्हीसमोर मांडी घालून बसलेले. हातात वाटी.

"बाबा, हे काय करून राहिले?"

"दिसत नाई का? खांद शेकून राहिलो."

"अहो, करंट आहे त्यात!"

"बैलात बी असते."

त्यांनी कॉम्प्युटरच्या दोन्ही कोपऱ्यांवर बोटानं हळद-तूप चोळलं आणि त्या खोक्याच्या कानाशी — म्हणजे जिथे पंखा आहे तिथे — वाकून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग माझ्याकडे वळून, "अन उद्या याइले जुपू नको."

मी सुनंदाकडे पाहिलं. तिनं डोळ्यांनीच सांगितलं, गप्प बसा. दुसऱ्या दिवशी मी दोन्ही कंटेनर खरोखर बंद ठेवले. सुनंदानं खणासमोर पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. बाबा त्या दिवशी दोन घास जास्त जेवले. मला वाटलं, एवढ्यानं भागत असेल तर रोज तूप लावू.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनाही पुन्हा सुरू केलं. दुपारी प्रकाशराव काही शेतकऱ्यांना ही सोय दाखवणार होते, म्हणून आधी आमची दोघांची रंगीत तालीम होती. ते अकोल्याहून व्हिडिओ कॉलवर, माझा स्क्रीन त्यांना दिसतोय.

"टाका, 'कोंबडीचं खाद्य'," प्रकाशराव म्हणाले.

टाकलं. पहिलं उत्तर आलं — 'बैल बसला आहे, उठत नाही, डावी कूस फुगली आहे.'

"साडूसाहेब, तुमच्या कोंबडीला शिंगं आहेत की हो!"

मी ओशाळून हसलो. 'शेळी गाभण' टाकलं. पहिल्या नंबरला — बैल बसला आहे, उठत नाही. 'म्हशीचं दूध'. बैल बसला आहे. 'कुत्रा चावला'. बैल बसला आहे. शेवटी चिडून, त्या सगळ्या ढिगात कुठेही नसणार असा शब्द म्हणून 'विमान' टाकला. यावर एकही उत्तर यायला नको होतं.

एक आलं. तेच.

"जवाब माझाच आहे," प्रकाशराव म्हणाले. "जुना आहे. पोळ्याला लोक प्रेमानं नको तितकं चारतात, दुसऱ्या दिवशी जनावर फुगतं, त्याबद्दलचा. पण विमानाचा काय संबंध?"

कुणाला किती गुण मिळाले आणि का मिळाले, हे सर्व्हरलाच विचारता येतं. मी विचारलं. बाकी सगळ्या उत्तरांचा हिशोब चोख होता. बैलाच्या उत्तरापुढे होतं — शून्य. शून्य गुण, आणि वर्गात पहिला.

इथे मला घाम फुटला. भीतीनं नव्हे, धंद्याची अब्रू म्हणून. मी हुकमी इलाज काढला. "एक मिनिट प्रकाशराव, भुऱ्याला मारून टाकतो आणि नवा उभा करतो."

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"कोनाले मारतं?"

"बाबा, अहो, तो कंटेनर... हा डबा हो."

डबा फेकला. नवा काढला. सगळी उत्तरं त्याला पहिल्यापासून पुन्हा वाचायला लावली. 'कोंबडीचं खाद्य' टाकलं... बैल बसला आहे, उठत नाही. प्रकाशरावांकडे त्यांच्या कॉम्प्युटरवर अगदी हाच डबा, हाच मजकूर होता. त्यांना म्हटलं, तुमच्याकडे चालवा. त्यांनी चालवला. कोंबडी टाकली, कोंबडी आली. शेळी टाकली, शेळी आली. विमानाला काहीच नाही. अकोल्यात सगळं नीट. फक्त अमरावतीत, फक्त आमच्या टीव्हीखाली, बैल बसलेला.

"तूप गेलं असेल आत," सुनंदा म्हणाली. खरं सांगतो, मी बॅटरी घेऊन पाहिलं. तूप वरच्या वर होतं. आणि तुपानं कॉम्प्युटर बंद पडेल एक वेळ, गुणपत्रिका कशी बदलेल?

तोवर बाबा माझ्या खांद्यामागे येऊन उभे राहिले होते. चष्मा लावून त्यांनी स्क्रीनवरचं उत्तर सावकाश, ओठ हलवत वाचलं.

"कोनाचा बैल हाय हा?"

"कुणाचा नाही बाबा. जुना सल्ला आहे तो."

"मंग सारखा काहून येते?"

"तेच तर पाहून राहिलो."

"तू काय इचारलं होतं?"

"कोंबडी."

"अन थो काय सांगते?"

बाबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग आत गेले आणि टोपी घालून बाहेर आले.

"विन्या, गाडी काढ."

मी जेवढं शिकलोय तेवढं सगळं त्यांना सांगितलं. हा बिघाड आहे, मशीनला बैल कळत नाही, भुऱ्या हे नाव मीच ठेवलंय, उद्या मी पोपट ठेवलं असतं. रहीमचाचांना फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. लागेना. बाबा चपला घालून दारात उभे. प्रकाशराव कॉलवरूनच म्हणाले, "विनायकराव, जाऊन या. बैल चांगला असला तर चहा पिऊन परत या, त्यात काय?" जाताना मी सुनंदाला सांगितलं, मधून मधून काहीतरी टाकून बघ, बदलतंय का.

पोहऱ्याच्या जंगलातून रस्ता जातो. एरवी कुठलंही झाड दिसलं की बाबा काहीतरी बोलतात, त्या दिवशी सागाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. मी मात्र अखंड बडबडत होतो, बिघाडाची कारणं समजावत होतो. त्यांना की मला, कोण जाणे. अर्ध्या वाटेवर मी म्हटलं, "बाबा, आणि तो चांगला असला, तुम्हाला पाहून मागे आला तर?"

"आला तं येऊ दे," बाबा म्हणाले.

चाचांच्या घराजवळ पोचलो आणि गाडीतूनच दिसलं. अंगणात कडुनिंबाखाली भुऱ्या बसलेला. डावी कूस ढोलासारखी ताणलेली, मान जमिनीला टेकलेली. रहीमचाचा त्याच्या पाठीला पाठ लावून बसले होते, तो कलंडू नये म्हणून. आम्हाला बघून ते उठू शकेनात, बसल्या जागेवरूनच ओरडले,

"वामनभाऊ! तुमाले कोनं सांगतलं? मेरा मोबाईल तं कालपासून बंद हाय!"

"काय झालं त्याले?"

"क्या बोलू भाऊ... काल पोळा होता ना. अख्ख्या गावानं चारलं. वामनभाऊचा बैल, म्हातारा बैल, म्हनून जो तो पुरनपोळी घेऊन ये. ना कसं म्हनू? आखरी एक मीनंच चारली, अपने हाथ से." चाचांनी उजवा तळहात पुढे केला. "सकाळपासून बसला. डॉक्टरले बोलावलं, पण आज सगळ्याइचेच बैल फुगले. येतो म्हने, येतो म्हने..."

आता माझी गोष्ट. मी शेतकऱ्याचा मुलगा, पण बैलाला भितो. लहानपणापासून. घरी सगळ्यांना माहीत आहे. भुऱ्याला मी आयुष्यात कधी हात लावला नव्हता. पण सकाळपासून कोंबडी, शेळी, म्हैस, विमान, काय काय विचारून मी ते एकच उत्तर इतक्या वेळा वाचलं होतं की ते मला पाढ्यासारखं पाठ झालं होतं. ते तोंडातून आपोआपच बाहेर पडलं.

"आडवा पडू देऊ नका! छातीवर बसता ठेवा. दोन्ही बाजूंनी पोती लावा, भरलेली. पुढचा भाग उंचावर घ्या. चाचा, गोडेतेल आहे? थोडं थोडं पाजायचं, मान वर ताणायची नाही, ठसका लागतो. डावी कूस चोळत राहा. डॉक्टर येईपर्यंत सोडून जाऊ नका."

बाबा माझ्याकडे बघतच राहिले. मग कामाला लागले. चाचांच्या सुनेनं तेल आणलं, शेजारपाजारचे पोती घेऊन आले. बाबा भुऱ्याच्या डोक्याशी बसले, मान मांडीवर घेतली आणि जबड्याच्या कोपऱ्यातून जरा जरा तेल सोडू लागले. कूस चोळायला माणूस कमी पडत होता. उरलो होतो मी. मी डोळे मिटले आणि दोन्ही तळहात टेकवले. गरम होतं. आणि घट्ट, हवा भरलेल्या ट्यूबसारखं. चोळत राहिलो. खिशात फोन वाजत होता, पण हात तेलानं माखलेले.

"उठ गा," बाबा त्याच्या कानाशी हळू आवाजात म्हणत होते. "उठ रे लेका. आलो ना मी. आता कायले रुसतं?"

किती वेळ गेला, कुणी पाहिलं नाही. मग भुऱ्यानं मान लांब केली आणि असा एक ढेकर दिला की मी मागे पडलो. गूळ, आंबलेलं पुरण आणि तेल यांचा एकत्र वास कसा असतो, ते मला आयुष्यभर विसरता यायचं नाही. चाचा "या अल्ला" म्हणाले आणि हसायलाच लागले. नंतर डॉक्टर आले, नळी घातली, औषध पाजलं, सुई दिली. म्हणाले, आडवा झाला असता तर मी येऊन उपयोग नव्हता. दुपार कलली तेव्हा भुऱ्या आधी मागचे पाय, मग पुढचे, असा लटपटत उभा राहिला आणि बाबांच्या टोपीचा वास घेऊ लागला.

चहा आला. चहा घेताना चाचांनी पुन्हा विचारलं, "पर सच बताओ भाऊ, तुमाले खबर कशी लागली?"

"हे पोरगं पाय," बाबांनी माझ्याकडे हात केला. "यानं मशीन बनवली. जनावर कुठं अडलं तं सांगते."

"अरे वा! तं माह्या बकऱ्या बी टाकून द्या ना त्याच्यात!"

मी तोंड उघडलं. बाबा, तसं नाही, ती मशीन तसलं काहीही सांगत नाही, तो बिघाड होता... हे सगळं ओठांवर आलं होतं. पण बाबांचा चेहरा असा होता, की मी बशीतला चहा पिऊन टाकला.

निघताना भुऱ्या दाव्याला हिसका देत आमच्या मागे दोन पावलं आलाच. बाबा थांबले, परत गेले, त्याच्या कपाळावर हात ठेवून काहीतरी बोलले. काय, ते ऐकू आलं नाही. गाडीत बसल्यावर पोहरा येईपर्यंत मागच्या काचेतून बघत होते. मग म्हणाले,

"विन्या, लोकं मले इचारत जात, पोरगा काय काम करते? मी म्हनो, कंपुटर. पुढं मलेच मालूम नोतं. आता सांगता येते."

घरी आलो. सुनंदानं सांगितलं, "किती फोन केले तुम्हाला! दुपारी एकदम कोंबडीच आली. मग शेळी टाकली, शेळी आली. सगळं नीट झालं आपोआप." कधी, ते तिनं नेमकं पाहिलं नव्हतं. तिचे न उचललेले फोन माझ्या मोबाईलमध्ये होते. पहिला फोन कधीचा आणि भुऱ्याचा ढेकर कधीचा, हे ताडून पाहता आलं असतं कदाचित. मी मुद्दाम पाहिलं नाही. का नाही, ते मलाही सांगता येणार नाही. जुळलं असतं तरी पंचाईत, नसतं जुळलं तरी पंचाईत.

नंतर मी सगळं करून पाहिलं. सकाळच्या सगळ्या नोंदी तपासल्या. शून्य गुणवाला वर कसा बसला, याचं कारण कुठेच नाही. तोच डबा पुन्हा काढला, तीच उत्तरं वाचायला दिली, तेच प्रश्न त्याच क्रमानं विचारले. दुसऱ्या दिवशी हळद-तूपही लावून पाहिलं, सुनंदा बाजारात गेली असताना... हसा. काही झालं नाही. या कामातल्या एका मुरलेल्या मित्राला सगळ्याची नक्कल पाठवली. त्यानं आठवडाभर डोकं खाजवलं आणि कळवलं, असं होऊच शकत नाही. मी म्हटलं, होऊ शकत नाही हे मलाही माहीत आहे, झालं कसं ते सांग. प्रकाशराव म्हणतात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जिल्ह्यात कुठे ना कुठे बैल फुगतोच, योगायोग मानून सोडून द्या. ते बरोबर असतील. पण योगायोग बैलाचा झाला, विमानाचं काय?

प्रकाशरावांची सोय आता दुसरीकडे, मोठ्या सर्व्हरवर चालते आणि उत्तम चालते. आमच्या टीव्हीखालच्या खोक्याचं खरं तर काही काम उरलेलं नाही. तरी मी तो चालू ठेवलाय. कारण रोज सकाळी अंघोळ झाली की बाबा त्याच्यासमोर बसतात. मी त्यांना मराठी टाइप करायला शिकवलंय. एका बोटानं, अक्षर शोधत शोधत, ते एकच शब्द टाकतात — भुऱ्या. प्रकाशरावांच्या सगळ्या ढिगात हा शब्द कुठेच नाही. त्यामुळे पानावर येतं, 'काहीही सापडलं नाही'.

बाबा ते पूर्ण वाचतात. "बरा हाय मंग," म्हणतात आणि चहा मागतात.

त्यांना खरं काय ते सांगावं, असं कधी कधी मनात येतं. मग लक्षात येतं, खरं काय ते मलाच माहीत नाही. आणि खोटं कशाला बोलू, परवा बाबा वलगावला गेले होते, त्यांना यायला उशीर झाला आणि सकाळचं कुणी काही टाकलं नव्हतं... तर तो शब्द मीच टाकला. एका बोटानं. काही सापडलं नाही, आणि मला बरं वाटलं.